गणपती पेठेतील एका पाटीसाठी घडवलेला फाँट : वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

सांगलीच्या गणपती पेठेत हळद, बेदाणे आणि भडंग यांचे आमचे तिसऱ्या पिढीचे दुकान आहे. या दुकानासाठी गेल्या वर्षी आम्ही एक स्वतंत्र मराठी फाँट तयार करून घेतला. पाटीसाठी पैसे मोजून फाँट घडवून घेणे हा पेठेत अजूनही चेष्टेचा विषय आहे आणि सुरुवातीला त्या चेष्टेत आमचे वडीलही सामील होते. त्यामुळे ज्यांनी हे काम केले त्यांच्या सेवेविषयी वर्षभर वापर झाल्यावरच लिहायचे, असे मी ठरवले होते. काम करणारे दोघे आहेत. एक ताई अक्षररचनेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या आहेत, तर दुसरे काका चाळीस वर्षे हाताने पाट्या रंगवलेले पेंटर आहेत. विश्रामबाग भागात राहत्या घराच्या माडीवर त्यांचे काम चालते. वर्षाला तीन-चारपेक्षा अधिक कामे ते घेत नाहीत आणि आपले नाव छापू नये अशी त्यांचीच विनंती असल्यामुळे ते येथे देत नाही. पेठेत चौकशी केल्यास पत्ता मिळतो.

मुळात नव्या पाटीची गरज दोन कारणांनी निर्माण झाली. आजोबांच्या काळातील पत्र्याची रंगवलेली पाटी २०१९ च्या महापुरात पाण्याखाली गेली. ती हाती लागली खरी, पण तिच्यावरील रंगाचे पापुद्रे सुटले होते. त्यानंतर आम्ही घाईने एक फ्लेक्स लावला आणि त्या फ्लेक्सवर कोणाच्या तरी हौसेने इंग्रजी नाव मोठे आणि मराठी नाव त्याच्या खाली बारीक असे छापले गेले. २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना अधिनियमात झालेल्या सुधारणेनुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली. मराठी मजकूर सुरुवातीलाच असावा आणि त्याच्या अक्षरांचा आकार इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान नसावा, असेही त्यात स्पष्ट केले आहे. फ्लेक्स उतरवणे त्यामुळे भागच होते. खरे सांगायचे तर कायदा नसता तरी तो फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडलाच होता.

फाँट घडवून घेण्यापूर्वी आम्ही मोफत मिळणारे मराठी फाँट लावून पाहिले, हे नमूद केले पाहिजे, कारण माझ्या मते बहुतेक दुकानदारांची गरज तेवढ्यात भागते. मुंबईच्या एक टाइप या गटाचे बालू आणि मोदक, रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला यात्रा वन, इंडियन टाइप फाउंड्रीचा जाड-बारीक रेघांचा रोझा वन, हे सर्व फाँट खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहेत आणि व्यवसायासाठीही विनामूल्य वापरता येतात. त्यांची घडण उत्तम आहे. मोदकातील अक्षरे इतकी गुबगुबीत आहेत की त्यांच्या पोटातील पोकळीची केवळ चीर उरते. मिठाईच्या डब्यावर ती गंमत शोभून दिसते, परंतु चार शब्दांच्या पाटीसाठी हा फाँट केलेलाच नाही. बालू आम्हाला मनापासून आवडला होता. अडचण एवढीच की चांगला आणि विनामूल्य असल्यामुळे तो सर्वांनाच आवडतो. आमच्या दुकानापासून स्टँडपर्यंत चालत गेल्यास तो केकच्या दुकानावर, शिकवणीच्या फलकावर आणि एका दवाखान्यावरही भेटतो. आम्हाला वाचता येईल असे अक्षर हवे होते, पण ते आमचे आहे हेही लांबून कळायला हवे होते.

पहिल्या भेटीत ताईंनी संगणक उघडला नाही. पाटीवर, पोत्यावर, पुडीवर आणि बिलावर येणाऱ्या सर्व शब्दांची यादी त्यांनी मागितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, म्हणजे पेठेत टेंपो लागण्याच्या ऐन वेळी, त्या काकांना घेऊन दुकानासमोर आल्या. त्यांनी पाटी समोरून पाहिलीच नाही. दोन्ही टोकांकडून दुकानाकडे चालत येत, कोणत्या जागी पाटी प्रथम नजरेस पडते याच्या खडूने खुणा केल्या. पेठेतील रस्ता अरुंद असल्यामुळे आमची पाटी समोरून वाचणारा माणूस जवळजवळ नसतोच. ती वाचली जाते ती बाजूने, तिरकस, बहुधा दुचाकीवरून. पाटीच्या समोरच्या रेषेपासून साठ अंश बाजूला उभे राहिले तर अक्षराची उंची तेवढीच राहते, पण रुंदी निम्मी दिसते. त्यामुळे संगणकावर डौलदार वाटणारे उंच, सडपातळ अक्षर आमच्या पेठेत काड्यांच्या जुडग्यासारखे दिसेल, हे त्यांनी जुन्या फ्लेक्सवर बोट ठेवून दाखवले. आमच्या फाँटातील अक्षरे पडद्यावर किंचित बसकी आणि रुंद दिसतात, त्यामागे एवढेच कारण आहे. नमुन्याचा कागद पाहून वडिलांनी नाक मुरडले, तेव्हा काकांनी तो कागद रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या फळीवर चिकटवला आणि म्हणाले, "अण्णा, लांबनं बघा की. जवळनं सगळंच चांगलं दिसतंय."

अक्षराच्या उंचीबाबतही असाच एक हिशेब त्यांनी मांडला. पाटी रंगवणाऱ्यांमध्ये दर दहा फूट अंतराला एक इंच उंची असा ठोकताळा सांगितला जातो, पण तो रोमन अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतात. खाली उकार आणि काही जोडाक्षरे लोंबतात. पाटीची एकूण उंची या सर्वांत वाटली जाते आणि मूळ अक्षराच्या वाट्याला निम्म्याहून थोडी अधिक जागा उरते. साठ फुटांवरून वाचायचे तर सहा इंच, आणि हे सहा इंच शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायचे, असे त्यांनी आधीच बजावले. आम्ही अखेरीस नऊ इंच घेतले. पाटीचा पत्रा त्यासाठी फूटभर उंच करावा लागला आणि तो खर्च अंदाजपत्रकात नव्हता. मात्र त्याची कल्पना कोणी दिली नव्हती, असे म्हणता येणार नाही.

या कामातील सर्वांत चांगला भाग 'हळद' या एका शब्दाविषयी आहे आणि तो मला समजून घ्यायलाच दोन भेटी लागल्या. 'हळद' या शब्दातील तिन्ही अक्षरांना उभा दंड नाही. ह, ळ आणि द ही तिन्ही अक्षरे शिरोरेषेला लहानशा देठाने लटकलेली असतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. त्याच्या शेजारी आमच्या पाटीवर 'सांगली' हा शब्द येतो आणि त्यात स, काना, ग आणि दीर्घ वेलांटी मिळून चार दंड उभे आहेत. कोणत्याही तयार फाँटात हे दोन शब्द शेजारी लिहून डोळे किलकिले करून पाहिले, तर 'सांगली' गडद आणि भक्कम दिसते, तर 'हळद' फिकट आणि डगमगती दिसते, आणि आमचा धंदा तर हळदीचा आहे. ताईंनी ह आणि द यांचे देठ दंडापेक्षाही किंचित जाड केले, ळ च्या दोन्ही वाट्या रुंद करून त्यांचा खालचा भाग भरदार केला, आणि या तीन अक्षरांमधील अंतर इतर अक्षरांपेक्षा कमी ठेवले. दुसरीकडे दंड मुळात थोडे बारीक केले आणि शिरोरेषा दंडाच्या सुमारे दोनतृतीयांश जाडीची ठेवली. शिरोरेषा जाड केली की पाटी दमदार वाटते असा आपल्याकडे समज आहे, पण देवनागरी अक्षरांमधील भेद शिरोरेषेच्या खाली असतात; वरची रेघ जितकी जाड, तितके खालचे अक्षर नजरेतून निसटते. हे सर्व फेरफार मोजपट्टीवर मिलिमीटरच्या आतले आहेत आणि कोणाही गिऱ्हाइकाला ते सांगून दिसणार नाहीत. आज मात्र पेठेच्या टोकावरून दोन्ही शब्द एकाच वजनाचे दिसतात.

'भडंग' या शब्दाचे दुखणे वेगळे होते. भ आणि म यांच्यात फरक आहे तो डावीकडच्या वळणदार गाठीचा आणि शिरोरेषेतील एका खंडाचा, म्हणजे तुटलेल्या जागेचा. जाड अक्षरात हा खंड चिंचोळा होतो, लांबून तो मिटतो आणि भडंगाचे 'मडंग' होते. जुन्या फ्लेक्सवर हे खरोखरच होत असे. बाहेरगावच्या एका पाहुण्याने मडंग म्हणजे काय असे विचारल्याचे मला आठवते. नव्या फाँटात हा खंड शिरोरेषेच्या जाडीच्या दीडपट ठेवला आहे, आणि गाठ इतकी मोकळी आहे की जवळून ती जरा अवजड वाटते. ध आणि घ यांच्या बाबतीतही हेच धोरण आहे. सौंदर्याच्या दृष्टीने मला भ ची गाठ अजूनही थोडी मोठी वाटते. ताईंचे म्हणणे असे पडले की ती जवळून पाहण्यासाठी केलेलीच नाही, आणि हा वाद आम्ही तेथेच सोडला.

'सांगली'तील ल मराठी वळणाचा, पाकळीचा आहे. आमच्या फ्लेक्सवर दंडाला जोडलेला हिंदी वळणाचा ल होता, तो आम्हा कोणाच्याच लक्षात आला नव्हता. आमच्या आईच्या मात्र आला होता आणि तो तिला कधीच आवडला नव्हता. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयानेही मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श हीच रूपे सांगितली आहेत. संगणकाच्या दृष्टीने ल चा संकेत एकच असतो आणि फाँटाच्या फाइलमध्ये मराठी व हिंदी अशी दोन्ही रूपे ठेवता येतात, परंतु मजकुराची भाषा मराठी आहे असे ठरवून दिले नाही तर अनेक फाँटांत हिंदी रूप आपोआप उमटते. आमच्या फाँटात मराठी रूपच मूळ म्हणून ठेवले आहे, त्यामुळे छापणाऱ्याने काही विसरण्याचा प्रश्न उरत नाही.

अक्षरांचे वळण कोठून घेतले, हेही सांगितले पाहिजे. काकांनी आजोबांची पुरातून वाचलेली पाटी मागून घेतली आणि तिच्यावर पारदर्शक कागद ठेवून जेवढी अक्षरे शिल्लक होती तेवढी उतरवली. ती पाटी चपट्या ब्रशने रंगवलेली होती आणि द च्या शेपटीला, ग च्या आकड्याला ब्रश उचलताना येणारी एक तिरकी कापणी होती. नव्या फाँटात ती कापणी आहे, पण ब्रशचा थरथराट नाही, जुन्या पाटीची नक्कल केल्यासारखे वाटत नाही आणि तरीही आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघांनी "जुनी पाटी परत लावली का?" असे विचारले. ज्या जिल्ह्यातील मिरजेत १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली, तेथे अक्षर घडवण्याची चेष्टा व्हावी हे थोडे गमतीचे आहे. पण हे विषयांतर झाले.

फाँट हाती आल्यानंतर पाटी बनवणे हे वेगळे काम होते आणि ते दुसऱ्या एका कारागिराकडे होते. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. देवनागरी शब्द शिरोरेषेने जोडलेला असल्यामुळे अ‍ॅक्रिलिकमध्ये कापताना तो एकसंध तुकडा निघतो. ही मोठी सोय आहे, कारण अक्षरे वाकडी बसण्याचा प्रश्नच येत नाही. अनुस्वार मात्र सुटा निघतो. ताईंनी पूर्ण मापाचा कागदी साचा दिला होता आणि त्यावर अनुस्वाराची जागा दाखवली होती. तो साचा कारागिराच्या टेंपोतच राहिला. परिणामी 'भडंग' मधील अनुस्वार ड ऐवजी ग वर बसला आणि सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत आमच्या पाटीवर 'भडगं' असे झळकत होते. समोरच्या दुकानातील मुलांनी त्याचे फोटो काढले. ताई स्वतः शिडीवर चढून उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो टिंब हलवून घेतला. करारानुसार पाटी बसवणे त्यांच्या कामात नव्हते, ही बाब त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. जुनी भोके मेणाने बुजवली आहेत आणि पावसाळ्यानंतर ती पुन्हा थोडी दिसू लागली आहेत.

रात्रीच्या दिव्यांचा प्रश्न त्यांनी आधीच ओळखला होता. अक्षरामागे एलईडी लावला की प्रकाश कडांवरून ओसंडतो आणि अक्षर मूळ मापापेक्षा जाड भासते, म्हणजे भ चा तो जपून ठेवलेला खंड रात्री पुन्हा मिटतो. यासाठी फाँटाची एक वेगळी आवृत्ती आहे, जिच्यात रेघा थोड्या बारीक आणि खंड अधिक रुंद आहेत. पाटीचे अक्षर याच आवृत्तीतून कापले आहे. दिवसा ते किंचित हडकुळे दिसते, हे मान्य करावे लागेल, पण आमचा निम्मा व्यवहार दिवेलागणीनंतरचा आहे.

सर्वाधिक समाधान मात्र मला पाटीपेक्षा पोत्यांनी दिले. घाऊक माल बारदानाच्या पोत्यांतून जातो आणि पोत्यावर पत्र्याच्या साच्यातून काळ्या शाईने मार्का मारला जातो. साच्यात अडचण ही असते की अक्षराची पोकळी चारही बाजूंनी बंद असली तर तेवढा तुकडा गळून पडतो, म्हणून त्याला धरून ठेवणारे पूल सोडावे लागतात. रोमनमध्ये अशी अक्षरे थोडी आहेत. देवनागरीत शिरोरेषा वरून झाकण घालते, त्यामुळे प, म यांच्या पोकळ्या बंद होतात, आणि व, ब यांची वाटी तर दंडाशी मुळातच मिटलेली असते. आमचा जुना साचा कापणाऱ्याने हे पूल जेथे हात गेला तेथे ठेवले होते आणि ब ला मधोमध चीर पडून तो कसलेच अक्षर वाटत नसे. नव्या साचा-आवृत्तीत पूल बोरूच्या रेघा जेथे बारीक होतात नेमके तेथे आहेत, म्हणजे लिहिताना हात जेथे हलका झाला असता तेथेच अक्षर तुटते आणि ती तूट मुद्दाम केलेली शोभा वाटते. पहिल्या साच्यात पूल तीन मिलिमीटरचे होते. ताग शाई पितो आणि ती पसरते, त्यामुळे दहाव्या-बाराव्या पोत्यानंतर पूल बुजू लागले. आमच्याकडील हमालांनी ते दाखवून दिल्यावर ताई गोदामात आल्या, वीस पोती स्वतः मारून पाहिली आणि पूल चार मिलिमीटरचे केले. या दुरुस्तीचे वेगळे पैसे घेतले नाहीत. आता थप्पीतील पोते आमचे आहे हे मार्का पूर्ण न वाचता, नुसत्या ळ वरून ओळखता येते.

आता तक्रारींकडे वळतो. पहिली तक्रार लहान आकाराची. हा फाँट पाटीसाठी आहे हे आम्हाला माहीत होते, तरी पन्नास ग्रॅमच्या पाऊचवर तोच वापरण्याचा मोह झाला आणि प्लास्टिकवर शाई पसरून भ पुन्हा म झाला. तीन मिलिमीटरच्या अक्षरात दुसरे काही होणे शक्य नव्हते, हे मला आता कळते. पण किती मापाखाली हा फाँट वापरू नये, हे आम्हाला पाच हजार पाऊच छापल्यावर कळले. ही सूचना पहिल्याच दिवशी लेखी मिळायला हवी होती. आता एका पानाची सूचनापत्रिका मिळाली आहे आणि तीत आठ मिलिमीटर ही मर्यादा दिली आहे. वजन, किंमत, तारीख असा कायद्याने आवश्यक मजकूर आम्ही साध्या, बारीक वाचनीय फाँटातच छापतो आणि इतरांनीही तसेच करावे.

दुसरी तक्रार जोडाक्षरांची. 'व्यापाऱ्यांसाठी' हा शब्द पहिल्या आवृत्तीत धड उमटत नव्हता. ऱ्या च्या जागी पाय मोडलेला ऱ आणि त्यापुढे सुटा या येई. मराठी फाँटात ऱ्या चुकावा हे अक्षम्य आहे, कारण तो मराठीचा खास आकार आहे. आठ दिवसांत दुरुस्त फाइल आली. आमच्या फाइलमध्ये एकूण ४३८ आकृत्या आहेत आणि वर्षभरात आणखी चूक सापडलेली नाही. छपाईवाल्याकडे 'कृष्णा' मधील ष्ण तुटला तेव्हा आम्ही ताईंना दोष दिला होता, पण दोष त्याच्याकडील कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीचा निघाला. तेव्हापासून आम्ही मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे चित्रासारखे पक्के आकार करूनच, पाठवतो.

तिसरी तक्रार अजून मिटलेली नाही. फाँटातील अंक शब्दांशेजारी देखणे दिसतात, पण त्यांची रुंदी वेगवेगळी आहे, १ अरुंद आणि ५ ऐसपैस. त्यामुळे रोजच्या भावफलकावर रकमा एकाखाली एक लिहिल्या की एकक-दशक जुळत नाहीत. समान रुंदीचे अंक ही दुकानदाराची अगदी पहिली गरज आहे आणि ती यादीत नसणे हे, माझ्या मते, अक्षरांवर जीव लावणाऱ्यांचे आकड्यांकडे होणारे नेहमीचे दुर्लक्ष आहे. दोन ओळी एकाखाली एक लावतानाही काळजी घ्यावी लागते. 'घरगुती चवीचे' आणि 'कुरकुरीत भडंग' या आमच्या दोन ओळींत गु चा उकार खालच्या री च्या वेलांटीत अडकला आणि ओळींमधील अंतर हाताने वाढवावे लागले.

मुदतीविषयी लिहायचे तर तीन महिने सांगितले होते आणि सात लागले. मधल्या काळात दिवाळी होऊन गेली आणि ती आम्ही विटलेल्या फ्लेक्सखाली साजरी केली. उशिराची कारणे खरी होती, पण ती आम्ही विचारल्यावर कळत, आपण होऊन कळवली जात नसत.

खर्च फाँटाचा एक लाख चाळीस हजार रुपये, तीन हप्त्यांत. पाटी, दिवे आणि साचे वेगळे. ज्याचे एकच दुकान आहे आणि ज्याला केवळ पाटी हवी आहे, त्याने हा खर्च करू नये. त्याने काकांसारख्या चांगल्या पेंटरकडून एकदाच अक्षरे लिहून घ्यावीत किंवा मोफत फाँट जाणत्या माणसाकडून लावून घ्यावा. आमच्याकडे पोते, पुडी, पिशवी, बिल आणि टेंपो अशा पाच ठिकाणी अक्षर जाते, आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बाहेरगावचे गिऱ्हाईक पुडीवर 'सांगली' हा शब्द शोधते, म्हणून आमचा हिशेब बसला. कराराबाबत मात्र त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. स्वामित्वहक्क लेखी हस्तांतरित झाला पाहिजे, आणि लेखात मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, क्षेत्र लिहिले नसेल तर भारतापुरते धरतो, हे त्यांनीच आम्हाला सांगितले आणि स्वतःच्या हिताविरुद्ध मुदत कायमची लिहायला लावली.

कोणी त्यांच्याकडे जाणार असेल तर जुनी पाटी, बिलबुके आणि दुकानाचे सकाळ-रात्रीचे दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो सोबत न्यावेत, भावफलक लागतो हे पहिल्याच भेटीत सांगावे, आणि शब्दांची यादी घरातल्या सर्वांना विचारून करावी. आमच्या यादीत 'चटणी' हा शब्द राहून गेला होता, कारण तेव्हा आम्ही चटणी विकत नव्हतो. आता विकतो, आणि पिशवीवर छापलेल्या त्या शब्दातील ट अजूनही शेजारच्या दोन अक्षरांपासून थोडा फटकून बसलेला दिसतो.